कण जातो कुठे?



आजचा निधी महाराष्ट्रातल्या गावशाळांच्या पाण्याच्या फिल्टरसाठी आहे. म्हणून आम्ही सॉफ्टवेअरवाल्यांनी पाच मिनिटं मागून घेतली, फिल्टरमधल्या चांदीबद्दल बोलायला.

२००९ मध्ये टाटांनी 'स्वच्छ' हा विजेशिवाय चालणारा, हजार रुपयांच्या आतला फिल्टर आणला. त्यामागे पुण्यातल्या त्यांच्या संशोधन केंद्राचं काम होतं. भाताच्या तुसाची राख, आणि तिच्यावर चांदीचे नॅनोकण. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. इतक्या बारीक चांदीतून आयन सुटतात आणि जंतू मरतात.

उत्तम! पण हा कण पुढे ओढ्यात गेला, तर तिथले उपयोगी जिवाणूही मारेल का?

अशा प्रश्नांचा अभ्यास आपल्या शेजारीच झाला आहे. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात १९८५ मध्ये साठ कार्बन अणूंचा फुटबॉलसारखा रेणू सापडला. १९९६ मध्ये त्या शोधाला नोबेल मिळालं. तिथेच २००१ मध्ये नॅनोकण निसर्गात कसे वागतात हे तपासणारं केंद्र निघालं. हा कार्बनचा रेणू पाण्यात विरघळत नाही, पण त्याचे बारीक पुंजके पाण्यात टिकून राहतात. सगळ्यांवर सारखाच विद्युतभार, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात. खाऱ्या पाण्यात मात्र त्या भाराचा जोर चालत नाही. पुंजके चिकटतात आणि तळाला बसतात. म्हणजे आपल्या ब्राझोस नदीतून वाहत गेलेला कण फ्रीपोर्टजवळ समुद्र लागताच गाळात बसू शकतो. कुजलेल्या पाल्याचा अंश अंगावर चढला, तर तोच कण आणखी लांब जातो.

चांदीची तऱ्हा वेगळी. देवघरातलं निरांजन काळं पडतं ना? ती हवेतल्या गंधकाची करामत. सांडपाण्यातही गंधक चांदीला धरतं, सिल्व्हर सल्फाइड होतं, आयन फारच कमी सुटतात आणि विषारीपणा उतरतो. उघड्या ओढ्यात मात्र त्याची खात्री नाही.

फिल्टर नकोत, असं आमचं म्हणणं मुळीच नाही. दूषित पाण्याने मुलं आजारी पडतात, तो धोका आजचा आहे. फक्त फिल्टर घेताना दोन गोष्टी विचारू या: संपलेली काडतुसं गोळा कोण करणार, आणि ती जाणार कुठे? आमच्या धंद्यात प्रोग्रॅम देऊन काम संपत नाही, खरं काम मेंटेनन्सचं असतं. तेव्हा मंडळी, पाकिटात फिल्टरचे पैसे घालाच, आणि वर थोडे मेंटेनन्सचेही घाला!