जिना, छातीतली कळ आणि एक गोळी
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. डॉक्टरकी माझे काम नव्हे. पण आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या दुखण्यात डॉक्टरांना विचारून जे समजले, ते आपल्या उपयोगी पडेल म्हणून सांगते.

जिना चढताना, भाजीची पिशवी घेऊन चालताना छाती आवळल्यासारखी होते व बसले की थांबते, त्या दुखण्याला अंजायना म्हणतात. रक्तवाहिन्या अरुंद झाल्यामुळे श्रमाच्या वेळी हृदयाला प्राणवायू पुरत नाही. आपण बायका ‘पित्त असेल’ म्हणून आल्याचा रस घेतो व कामाला लागतो. तसे करू नये.

यावरच्या बऱ्याच गोळ्या नाडी मंद करतात किंवा रक्तवाहिन्या सैल करतात. ट्रायमेटाझिडीन ही गोळी मात्र हृदयाचे जळण बदलते. हृदय एरवी बहुतेक चरबी जाळते, थोडी साखर. चरबीला प्राणवायू जास्त लागतो. तेवढ्याच प्राणवायूत साखर थोडी अधिक शक्ती देते. शेगडीला वारा कमी मिळाला, तर कमी वाऱ्यात भागेल असे जळण आपण घालतो, तसेच हे. मात्र म्हणून कोणी साखर जास्त खाऊ नये! हा बदल हृदयाच्या पेशींत होतो, ताटात नव्हे.

या गोळीची मर्यादाही ओळखावी. ती मुख्य औषध नव्हे. २०१२ साली युरोपच्या औषध-नियामक संस्थेने ठरविले की, इतर औषधे पुरत नसतील किंवा सोसत नसतील तेव्हाच ती जोडीला द्यावी. कंपवात वा मूत्रपिंडाचा तीव्र विकार असल्यास देऊच नये. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे ६००० रुग्णांच्या चाचणीत, अँजिओप्लास्टीनंतर ही गोळी जोडल्याने हृदयविकाराचे मृत्यू कमी झाले नाहीत.

जाऊबाईंच्या हातात लाटणे थरथरू लागले. घरात सगळे म्हणाले, वय झाले. त्यांनी मात्र डॉक्टरांना सांगितले. डॉक्टरांनी गोळी बंद केली व काही आठवड्यांत हात स्थिर झाले.

तेव्हा भगिनींनो, शेजारणीची गोळी घेऊ नका, आपली तिला देऊ नका, आणि चालू गोळी मनाने सोडूही नका. हात थरथरले, चाल अडखळली, तर लगेच डॉक्टरांना सांगा. आणि बसूनही कळ थांबली नाही, तर ही गोळी शोधत बसू नका. ती त्या वेळची नव्हे. तडक इस्पितळ गाठा. स्वयंपाक मागाहून होईल.