पावसाआधी लाकडाला तेल

गच्चीवरचा लाकडी डेक असो की अंगणातला बाक, त्याला मे महिन्यातच तेल पाजून घ्या. फळीवर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच मुरला तर लाकूड तेल प्यायला तयार आहे. मग 80 आणि त्यानंतर 120 नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवा. आडवं घासलंत तर तेल चढल्यावर एकेक ओरखडा उठून दिसतो. जवसाचं तेल पातळच लावा, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं पुसून काढा. फळ्यांची कापलेली टोकं मात्र दोनदा भिजवा, पाणी सर्वात जास्त तिथूनच शिरतं. आणि कळकळीची विनंती: तेलकट चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका. सुकताना तो तापून आपोआप पेटू शकतो. चिंध्या पाण्यात भिजवून उघड्यावर, एकेक पसरूनच वाळवा.