आपल्या दारातील राज्यघटना
(संघाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



स्पर्धापरीक्षांतील 'राज्यव्यवस्था' या विषयाची तयारी कशी करावी, यावर दोन शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. आमची हयात नागरिकशास्त्र शिकविण्यात गेली. या विषयास आठवड्यातून दोन तासिका मिळत आणि त्यांतील एक बहुधा संमेलनाच्या तालमीत जाई, हे आज या व्यासपीठावरून सांगण्यास हरकत नसावी.

आज्ञा झाली त्याच सुमारास आपल्या ज्ञातीतील एक वयोवृद्ध गृहस्थ एक पत्र घेऊन आमच्याकडे आले. त्यांची नात अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात शिकते. तेथे 'क्लेप' नावाची एक परीक्षा असते. विद्यार्थ्याने घरी अभ्यास करून ती दिली, तर महाविद्यालयात तासिकांना न बसताही त्या विषयाचे श्रेयांक मिळतात. फी वाचते आणि वेळही वाचतो. 'अमेरिकन शासनव्यवस्था' या विषयात नव्वद मिनिटांत सुमारे शंभर प्रश्न सोडवावे लागतात. गुण 20 ते 80 या मापाने देतात, आणि 50 मिळाले म्हणजे पुष्कळ महाविद्यालये तीन श्रेयांक मान्य करतात. मुलीने आजोबांना लिहिले होते की, प्रथम ती नुसती पाठ करीत होती : सिनेटचे सभासद 100, प्रतिनिधिगृहाचे 435, अध्यक्ष निवडणारे मतदार 538. सराव-परीक्षेत मात्र गुण पडेनात. मग तिने वहीत प्रत्येक प्रकरणापुढे एकच प्रश्न लिहावयास आरंभ केला : 'येथे कोण कोणाला अडवू शकतो?' अध्यक्ष विधेयक परत पाठवू शकतो. दोन्ही सभागृहे दोन-तृतीयांश मतांनी त्याचा नकार मोडू शकतात. अध्यक्षाने नेमलेल्या न्यायाधीशास सिनेटची संमती लागते. आणि न्यायालय कायदाच रद्द ठरवू शकते. ही शेवटची गोष्ट त्यांच्या घटनेत शब्दशः लिहिलेली नाही. 1803 साली मारबरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यात न्यायालयाने ती स्वतःच सांगितली.

पत्राच्या शेवटी तिने विचारले होते : 'आजोबा, आपल्या डहाणूला कोण अडवू शकतो?' आजोबांना उत्तर देता आले नाही, म्हणून ते आमच्याकडे आले. खरे सांगावयाचे तर आम्हांसही ते तत्काळ देता आले नाही. त्या रात्री आम्ही घटनेचे पुस्तक पुन्हा काढले.

आपली मुले हा विषय कसा करतात, हे आपण जाणताच. गेल्या वर्षी आपल्यातील काही तरुणांनी शहरातील एका शिकवणी-वर्गात बरीच फी भरली. हाती आली ती प्रश्नोत्तरांची एक पुस्तिका. कलमांचे आकडे होते, घटनादुरुस्त्यांच्या तारखा होत्या. पण तलासरीच्या मुलाला आपण अनुसूचित क्षेत्रात राहतो, हे तिच्यातून कळले नाही. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव भाग गुण कापतात, अमेरिकेतील त्या परीक्षेत कापत नाहीत. तेव्हा अर्धवट पाठांतर आपल्याकडे अधिकच महाग पडते. शिवाय 2025 च्या परीक्षेपासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. तेथे नुसत्या आकड्यांनी पाने भरत नाहीत.

म्हणून त्या मुलीचा प्रश्न घेऊन आपल्याच तालुक्यांतून फिरून यावे, असे आम्ही सुचवितो. प्रथम अच्छाडच्या नाक्यावर उभे राहावे. पलीकडे गुजरात आहे. 1960 साली राज्ये वेगळी झाली, तेव्हा तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातील काही गावे तिकडे गेली, उरलेली इकडे राहिली. हे कोणी केले? संसदेने, घटनेच्या तिसऱ्या कलमाने. राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवावे लागते. त्याची संमती लागत नाही. अमेरिकेत एखाद्या राज्याचा तुकडा तोडून नवे राज्य करावयाचे, तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती आवश्यक असते. दोन्ही देश संघराज्ये म्हणवितात. त्यांतील अंतर मात्र अच्छाडला उभे राहिले की पायांना कळते. ज्याची मावशी एका राज्यात आणि मामा दुसऱ्या राज्यात, त्याला तिसरे कलम घोकावे लागू नये.

आता एक अप्रिय विषय. आपल्या तरुणांच्या तोंडी सदैव एक तक्रार असते : 'आमचा जन्म येथला, पण येथे तलाठी किंवा शिक्षक होण्यास आम्हांला जागा नाही.' ही तक्रार करणाऱ्या किती जणांनी पाचवी अनुसूची वाचली आहे? डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. अशा क्षेत्रात एखादा कायदा लागू होऊ नये, किंवा फेरफार करून लागू व्हावा, असे राज्यपाल अधिसूचनेने ठरवू शकतात. अमेरिकेचा गव्हर्नर लोकांनी निवडलेला असतो. आपले राज्यपाल राष्ट्रपतींनी नेमलेले असतात. नाव एक असले तरी पद एक नव्हे. याच अधिकारात 9 जून 2014 रोजी अधिसूचना निघाली आणि ठरावीक पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली गेली. पुढे एप्रिल 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने आंध्रातील अनुसूचित क्षेत्रांतील शिक्षकांचे शंभर टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरविले. महाराष्ट्रातील भरतीचा वादही न्यायालयात गेला. राज्यपाल, मूलभूत हक्क आणि न्यायालय, तिघेही या एकाच प्रकरणात भेटतात. परीक्षकाला याहून चांगला प्रश्न सुचणार नाही.

पण नियम कळला म्हणजे कारण कळले असे नव्हे. 23 मे 1945 रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे वारल्यांची सभा भरली आणि वेठबिगार करणार नाही असा निर्धार झाला. गोदावरीबाई परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्याची हकीकत गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. त्या काळी जमीन, गवत आणि सावकारी कोणाच्या हाती होती, हे जाणण्यास ग्रंथालयापर्यंत जाण्याचीही गरज नाही. आपल्या काही घरांच्या माळ्यावरील जुन्या वह्या पुरेशा आहेत. हे बोलणे सर्वांस रुचेल असे नाही. तरीही आमच्या मते, ज्याने त्या वह्या पाहिल्या आहेत त्याने पदांविषयी वाद अवश्य घालावा. न पाहता घालू नये.

आजोबांना आम्ही दिलेले उत्तर मात्र निराळे होते. 1991 साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निर्णयानंतर तालुक्यासाठी एक स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी त्याचे अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळले. याच प्राधिकरणाने 1998 साली वाढवण बंदरास नकार दिला; याच प्राधिकरणाने 31 जुलै 2023 रोजी अटी घालून परवानगी दिली. बंदराविषयी या सभागृहात दोन मते आहेत आणि ती आज येथे मांडावयाची नाहीत. परंतु एका तालुक्यातील बंदर पंचवीस वर्षे कोणाच्या शब्दावर थांबले, तो शब्द देण्याचा अधिकार कोठून आला आणि तो बदलल्यावर दाद कोठे मागावयाची, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरातील मुलाला सांगता आले पाहिजे. आजोबांनी हे सारे लिहून नातीस धाडले. तिचे उत्तर आले : 'आमच्या पुस्तकात असे उदाहरण नाही.'

आता व्यवहाराचे. संघाने यंदा मार्गदर्शिकांसाठी जी रक्कम ठेवली आहे, तीतून घटनेच्या मराठी प्रती घ्याव्यात आणि उरलेल्या पैशांत जुन्या प्रश्नपत्रिका छापून घ्याव्यात, अशी आमची मंडळास विनंती आहे. दर रविवारी सकाळी नऊ वाजता संघाच्या सभागृहात आम्ही स्वतः वर्ग घेऊ. प्रथम कलम वाचावयाचे, मग त्यापुढे आपल्या तालुक्यातील एक उदाहरण लिहावयाचे, आणि त्यानंतरच घड्याळ लावून प्रश्न सोडवावयाचे. वर्षातून एकदा जवळच्या गावाच्या ग्रामसभेत सर्वांनी बसून यावे. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस जे अधिकार दिले, ते तेथे कसे वापरले जातात, किंवा वापरले जात नाहीत, हे वर्गात बसून दिसणार नाही. मुलींना घरकामाच्या सबबीवर रविवारी मागे ठेवू नये, एवढे मातांस सांगणे आहे. पहिल्या रविवारी पाचवी अनुसूची वाचावयाची आहे. वह्या संघाकडून मिळतील. पेन्सिल ज्याची त्याने आणावी.