राळेचा पाक आणि अदृश्य किरण

साखरेचा पाक एकतारी झाला कीं दोनतारी, हें गृहिणी तो बोटांच्या चिमटींत धरून ओळखते. एपॉक्सी राळेच्या कारखान्यांतही पाकाची हीच पारख करावी लागते. पण तेथें पात्राचें तोंड बंद, आंतील द्रव दीडशें अंशांहून अधिक तापलेला, आणि बोट लावण्याची तर सोयच नाहीं.

ही राळ म्हणजे झाडाचा चीक नव्हे. बिस्फेनॉल-ए व एपिक्लोरोहायड्रिन या द्रव्यांचा कॉस्टिक सोड्याच्या साहाय्यानें संयोग घडवून ती बनवितात आणि सोबत निघणारें मीठ धुऊन टाकतात. १९४६ सालीं स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीनें ‘अरल्डाइट’ या नांवानें तिला बाजारांत आणलें. प्रथम मिळणारी राळ पातळ असते. लेपासाठीं घट्ट राळ हवी असल्यास तींत आणखी बिस्फेनॉल घालून तापवितात, तेव्हां लहान रेणु जुळून लांब सांखळ्या होतात. हें काम लवकर थांबविलें तर माल कच्चा राहतो. फार लांबविलें तर सांखळ्यांना फांटे फुटून सारा घाणा पात्रांतच थिजतो.

रेणूच्या टोंकाशीं कर्बाचे दोन व प्राणवायूचा एक अशा तीन अणूंचें ताणलेलें कडें असतें. तें उघडतें तेव्हांच सांधा जुळतो. हीं कडीं किती उरलीं, हें अवरक्त किरण सांगतात. १८०० सालीं विल्यम हर्शेल यांना तांबड्या रंगापलीकडे उष्णतामापकाचा पारा चढलेला आढळला, तेच हे किरण. अणूंची प्रत्येक जोडणी आपल्या ठराविक गतीनें कंप पावते व त्याच गतीचे किरण शोषून घेते. एपॉक्सी कड्याची खूण आलेखावर ९१५ या आंकड्याजवळ उमटते; एका सेंटिमीटरांत बसणाऱ्या लाटांची ही संख्या होय. कडीं उघडूं लागलीं कीं ही खूण ओसरते. परंतु नमुन्याचा थर पातळ झाला तरीही ती ओसरते! म्हणून १५१० जवळची बेंझीन-वलयाची खूण तुलनेस घेतात. तें वलय या साऱ्या घडामोडींत अविचल राहतें.

कांच यांतील बहुतेक किरण अडविते. गंमत अशी कीं, जें मीठ राळेंतून धुऊन काढावयाचें, त्याच मिठाच्या स्फटिकाच्या तबकड्यांवर नमुना ठेवावा लागे, आणि दमट हवेंत त्या अंधुक होत. आतां हिऱ्याचें टोंक असलेली शलाका पात्रांतच बुडवून ठेवतां येते व मिनिटामिनिटाला आलेख मिळतो.

तरी यंत्रावर सर्वस्वीं विसंबणें बरें नव्हे. कडीं थोडीं उरलीं कीं ९१५ ची खूण शेजारच्या खुणांत बुडते. अशा वेळीं नमुना काढून, त्यांत थेंब थेंब आम्ल सोडून कडीं मोजण्याची जुनी रीतच खरी. आलेखावरील खुणेचा अर्थ किती कडीं, हेंही आरंभीं तिच्याच आधारें ठरवावें लागतें.