निवृत्तीनंतर कोठे राहावे : एक राजकीय प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कंत्राटी कामगारांचा प्रश्न, शेतमालाच्या भावाचा प्रश्न, शिक्षणाचे खाजगीकरण हे सारे बाजूला ठेवून निवृत्तीनंतर कोठे राहावे याची चर्चा अभ्यासवर्गात कशासाठी, असेही कोणी मनात म्हणत असेल. परंतु आपल्या चळवळीत उमेद घालविलेले शिक्षक, प्राध्यापक, बँकांतील व एस.टी.तील कर्मचारी आज मोठ्या संख्येने निवृत्त होत आहेत, आणि त्यांच्याशी बोलताना हा प्रश्न हटकून निघतो. शहरातले घर विकावे काय? गावी परतावे काय? मुलाजवळ बंगलोरला जावे, की शहराबाहेर खास ज्येष्ठांसाठी ज्या वसाहती उभ्या राहत आहेत तेथे सदनिका घ्यावी? आणि मग जरा हळू आवाजात आणखी एक वाक्य येते : "आपल्या विचारांची, आपल्या राहणीची माणसे असतील अशी जागा पाहतो आहोत."

या शेवटच्या वाक्याविषयी मला बोलायचे आहे. ते निरुपद्रवी दिसते, पण त्याच्या पोटात एक संपूर्ण राजकारण दडलेले आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की कोठे राहावे हा प्रश्न पडणे हीच या देशात एक मिरास आहे. २०११ च्या जनगणनेनुसार साठीच्या पुढची माणसे दहा कोटींहून अधिक होती. आपल्याकडील दहा कष्टकऱ्यांपैकी नऊ असंघटित क्षेत्रात राबतात. त्यांना निवृत्ती नाही, केवळ थकणे आहे. वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनातील केंद्र सरकारचा वाटा साठ ते एकोणऐंशी या वयासाठी महिना २०० रुपयांवर वर्षानुवर्षे थिजून राहिला. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ साली महिना १५०० रुपये झाली. कारखान्यात जन्म घालविलेल्या कामगाराला भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतून जे किमान निवृत्तिवेतन २०१४ साली ठरविण्यात आले, ते महिना १००० रुपयांचे. एवढ्या पैशात माणूस गाव निवडीत नाही. जेथे कोणी ठेवून घेईल तेथे राहतो.

मुंबईच्या गिरणी कामगारांचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. कोकणातून व घाटावरून आलेला कामगार गाळ्यात दाटीवाटीने राहिला, खानावळीत जेवला आणि अंगातली रग संपली की गावी परतला. आपण याला गावची ओढ म्हणतो, आणि ती होतीच. पण अर्थशास्त्राच्या भाषेत पाहिले तर त्याच्या म्हातारपणाचा, आजारपणाचा व बेकारीचा खर्च गिरणीमालकाने कधी उचललाच नाही. तो गावाकडच्या दोन बिघे जमिनीने आणि तेथे राबणाऱ्या बायकोने उचलला. गाव हेच मुंबईच्या भांडवलाचे विनामूल्य निवृत्तिवेतन होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांतील असंख्य पुढे गावी गेले. ते त्यांनी निवडले नव्हते. तेव्हा निवृत्तीचे ठिकाण निवडण्याची गोष्ट निघते त्या वेळी ज्यांना निवड नव्हती त्यांची आठवण प्रथम ठेवावी.

आता निवड असलेल्यांकडे वळू. चार्ल्स टिबू या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५६ साली एक प्रबंध लिहिला. त्याचे सूत्र थोडक्यात असे : नागरिक आपल्या आवडीचे कर आणि आपल्या आवडीच्या सोयी जेथे असतील त्या नगरात जाऊन राहतो, म्हणजे तो पायांनी मतदान करतो, आणि त्यामुळे सार्वजनिक सेवांचाही एक प्रकारचा बाजार तयार होतो. या सिद्धांताच्या गृहीतांत एक मोठे बोलके गृहीत आहे. सर्व माणसे लाभांशाच्या उत्पन्नावर जगतात, नोकरीच्या जागेचे बंधन कोणालाच नाही, असे टिबू धरून चालतो. काम करणाऱ्या माणसाला ते लागू पडत नाही हे उघड आहे. पण निवृत्तिवेतन बँकेत जमा होणाऱ्या माणसाला ते अगदी तंतोतंत लागू पडते. प्राध्यापकीतून निवृत्त झालेला माझ्यासारखा माणूस हा टिबूच्या पुस्तकी नागरिकाच्या सर्वांत जवळचा प्राणी आहे.

या मार्गाने गेल्यास काय होते, याचे उदाहरणही अमेरिकेतच मिळते. ॲरिझोना राज्यात फिनिक्स शहराजवळ जानेवारी १९६० मध्ये सन सिटी नावाची वसाहत सुरू झाली. ती केवळ उतारवयाच्या लोकांसाठी होती. गोल्फची मैदाने, करमणुकीची केंद्रे, शांत रस्ते, आणि लहान मुलांचा गलबला नाही. ही वसाहत ज्या शाळा-जिल्ह्यात येत होती तेथे नव्या शाळा बांधण्यासाठी कर्जरोखे काढण्याचा प्रस्ताव आला की तेथील मतदार त्याविरुद्ध मत देत. हे पुनःपुन्हा घडले, आणि अखेर सत्तरीच्या दशकात ती वसाहत त्या शाळा-जिल्ह्यातून वगळावी लागली. हे लोक काही दुष्ट नव्हते. त्यांनी जन्मभर कर भरले होते, आपली मुले शिकविली होती. परंतु ज्या गावात मूलच दिसत नाही तेथे शाळेसाठी हात वर करण्याचे कारणही दिसेनासे होते. समान वयाची, समान उत्पन्नाची, समान मताची माणसे एकत्र राहिली की शेजाऱ्याची गरज नजरेआड होते. आणि नजरेआड झालेली गरज मतपेटीपर्यंत पोचत नाही.

आपल्याकडच्या नव्या वसाहतींचा नकाशा याहून फार वेगळा नाही. भिंत स्वतःची, पहारेकरी स्वतःचा, पाण्याचा टँकर स्वतःचा, वीज गेली तर जनरेटर स्वतःचा. पोळ्या करणाऱ्या बाया भिंतीपलीकडच्या वस्तीतून पायी येतात; ती वस्ती कोणत्या ग्रामपंचायतीत आहे हे पुष्कळदा आतल्या रहिवाशाला ठाऊक नसते. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दोन मार्ग सांगितले आहेत : संस्था बिघडू लागली की माणूस एक तर निघून जातो, नाही तर आवाज उठवितो. त्याला हे सुचले ते नायजेरियातील रेल्वेवरून. मालवाहू मोटारींची स्पर्धा असूनही ती रेल्वे सुधारेना, कारण जे सर्वांत चोखंदळ व तक्रार करणारे ग्राहक होते तेच प्रथम मोटारींकडे गेले. मागे राहिले ते गप्प बसणारे. आपल्या नगरपालिकांच्या शाळांचे, सरकारी दवाखान्यांचे आणि बव्हंशी एस.टी.चेही हेच झाले. मध्यमवर्ग बाहेर पडला आणि जाताना आपला आवाजही घेऊन गेला. निवृत्त समाजवाद्याने भिंतीआड जाणे हा या मालिकेतला शेवटचा टप्पा ठरेल.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. आपल्या विचारांच्या माणसांत राहावेसे वाटणे हे काय पाप आहे? मुळीच नाही. किंबहुना काहींच्या बाबतीत ती चैन नसून सुरक्षितता आहे. आंतरजातीय वा आंतरधर्मीय विवाह केलेल्या वृद्ध जोडप्याला गावी परत जाणे नेहमी शक्य नसते. दलित वा मुसलमान निवृत्त शिक्षकाला आडनाव सांगताच जागा नाकारली जाते, हे आपल्या शहरांत आजही घडते. त्यांनी स्नेह्यांच्या शेजारी घर शोधले तर त्यांना उपदेश करण्याचा अधिकार कोणाला नाही. पण ज्यांच्यापुढे कोणतेच दार बंद होत नाही अशा तुम्हा-आम्हाला ती सबब वापरता येणार नाही. आपले काम ती बंद दारे उघडण्याचे आहे. आणि ज्या गृहनिर्माण संस्थेत आपण सभासद आहोत तिच्या वार्षिक सभेतच ते करावे लागते.

दुसरे टोक म्हणजे गावाचे स्वप्नरंजन. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. १९४८ च्या कूळकायद्यातील या तरतुदीमागे जमीन कसणाऱ्याच्या हाती राहावी हा हेतू होता, आणि कसेल त्याची जमीन ही आपलीच घोषणा होती. आता शेतकरी असल्याचा दाखला कसाबसा मिळवून आंब्याच्या चार कलमांत बंगला बांधायचा आणि त्याला निसर्गाकडे परतणे म्हणायचे, हे आपल्याला शोभणारे नाही.

उतारवयात राजकीय भूमिकेने जागा निवडल्याची दोन उदाहरणे आपल्या परिचयाची आहेत. काँग्रेसचे सभासदत्व १९३४ साली सोडल्यानंतर गांधीजी एप्रिल १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात राहावयास गेले. त्या वेळी त्यांचे वय ६६ होते. त्या वर्षीच तेथे त्यांना हिवताप झाला. तरीही ते तेथेच राहिले, आणि त्या गावाचे पुढे सेवाग्राम झाले. बाबा आमटे १९९० साली, वयाच्या पंचाहत्तरीत, आपणच उभारलेले आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावदला जाऊन राहिले, कारण धरणाचे पाणी ज्यांच्या घरात येणार होते ती माणसे तेथे होती. आपल्यापैकी कोणी गांधी नाही आणि बाबा आमटेही नाही. त्यांचे अनुकरण करा असे मी म्हणत नाही. ध्यानात घ्यायची ती निवडीची कसोटी. मला काय मिळेल हे त्यांनी विचारले नाही. माझ्या तेथे असण्याने कोणाचे काय होईल हे विचारले.

सामान्य कार्यकर्त्यासाठी ही कसोटी अधिक साध्या शब्दांत मांडता येईल. जागा पाहावयास जाल तेव्हा हवापाण्याबरोबर आणखी चार गोष्टी पाहा.

पहिली, तेथे एस.टी. येते काय? पंचाहत्तरीच्या पुढच्या नागरिकाला ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला. पण गाडीच येत नसेल तर सवलत कागदावर राहते. स्वतः गाडी न चालविता जगता येईल असे ठिकाण निवडणारा माणूस सार्वजनिक वाहतुकीचा पक्षकार होतो.

दुसरी, सरकारी वा पालिकेचा दवाखाना किती अंतरावर आहे, आणि तो चालतो काय? वृद्धापकाळी वैद्यकीय मदत जवळ असणे ही गरज आहे. तिच्यासाठी कोणाला लाजण्याचे कारण नाही.

तिसरी, तेथे तुमच्या मताला व आवाजाला काही अर्थ आहे काय? राहावयास गेल्यावर मतदारयादीतले नाव तेथे हलवा. गणपूर्तीअभावी ग्रामसभा तहकूब होतात आणि तहकूब सभेत हवे ते ठराव होतात. वेळ असलेला, हिशेब वाचता येणारा, कोणाच्याही मेहेरबानीवर पोट नसलेला एक माणूस नियमाने तेथे बसला तरी फरक पडतो. मात्र त्याने गुरुजी होऊन जाऊ नये. पहिले वर्षभर ऐकावे; गावाला आपले राजकारण आधीपासून कळत असते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि आपल्या पुरोगामी घरांतही ती राहून जाते. ही जागा कोणी निवडली? निवृत्ती नोकरदार पुरुषाची होते, चुलीपुढच्या बाईची होत नाही. तीस-पस्तीस वर्षांत तिने शहरात मैत्रिणी, भिशी, वाचनालय, भाजीवाली असे स्वतःचे जग उभे केलेले असते. नवऱ्याच्या गावी गेली की साठाव्या वर्षी ती पुन्हा सून होते. जो निर्णय तिच्याशी बोलून नव्हे तर तिला कळवून घेतला जातो, त्याला समाजवादी जीवनपद्धती म्हणता येणार नाही.

कोणी म्हणेल, अशी जागा आहे कोठे? तयार मिळणार नाही हे खरे. पण ती तयार करता येते, याचा पुरावा केरळने दिला आहे. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ साली असाध्य रुग्णांच्या शुश्रूषेची संस्था सुरू झाली. पुढे मलप्पुरम व आसपासच्या भागांत शेजारीपाजारी स्वयंसेवक झाले, प्रशिक्षण घेऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागले. आणि २००८ साली केरळ सरकारने हे काम धोरण म्हणून स्वीकारून पंचायतींशी जोडले. वृद्धाला घर सोडून वसाहतीत जावे लागू नये, सेवाच त्याच्या दारी यावी, ही ती कल्पना. आपल्या महाराष्ट्रात हे होण्यास अडचण पैशापेक्षा इच्छेची अधिक आहे. निवृत्त परिचारिका, शिक्षक आणि आरोग्यसेवक प्रत्येक तालुक्यात आहेत. आपल्या शाखांनी त्यांची यादी करून प्रारंभ केला तरी पुष्कळ होईल.

शेवटी मूळ मागणीकडे येतो. १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवरची बक्षिसी नव्हे. तो हक्क सरकारी नोकरांच्या बाबतीत मान्य झाला, आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमलेल्या राज्य कर्मचाऱ्यांपुरता पुन्हा आक्रसला. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये त्यांना संप करावा लागला. त्या संपाला आपला पाठिंबा होता. पण संपकऱ्यांना आणि स्वतःलाही आपण हे सांगितले पाहिजे की ऊसतोडणी करणारी बाई, बांधकामावरचा गवंडी आणि घरकाम करणारी मावशी यांना जगण्यापुरते निवृत्तिवेतन मिळेपर्यंत आमची मागणी अर्धीच आहे. आपल्याला कोठे राहावे हे निवडता आले, ते संघटनेने मिळवून दिलेल्या हक्कामुळे. हाती उरलेली वर्षे त्यांनाही ती निवड मिळावी म्हणून खर्च करायची असतील, तर जेथे ती माणसे राहतात त्यांच्या हाकेच्या अंतरावर आपले घर असावे, एवढेच माझे सांगणे आहे.