नकाशावर नाव, सुट्या भागावर भाकर

(चंद्रपुरातल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



१६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी ज्या शहरात दीक्षा दिली, त्या शहरात उभं राहून मी आज दुकानाबद्दल बोलणार आहे. काहींच्या कपाळाला आठी पडेल. चळवळीच्या मंचावर धंदा? पडू द्या आठी. मोर्च्यातून परतलेला पोरगा रात्री काय खातो, हाही चळवळीचाच प्रश्न आहे.

दुकान कसलं? घरी बनवायच्या यंत्रांचे नकाशे आणि त्यांचे सुटे भाग विकायचं. अख्खं यंत्र नाही. ते गिऱ्हाइकानं स्वतः बांधायचं.

आधी दादाजी खोब्रागडेंचं नाव घेऊ. इथलेच, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे. आपलाच माणूस. तिसरी शिकलेला, दीड एकराचा धनी. १९८३ साली पटेल-३ धानाच्या बांधीत त्याला वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यानं जपल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडल्या. त्यातून बारीक तांदळाचं वाण निघालं. बाजारानं त्याला घड्याळाचं नाव दिलं, एचएमटी. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठानं त्याच्याकडून बियाणं नेलं, त्यातून निवड केली आणि १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी म्हणून बाहेर काढलं. शेतकऱ्याचा वाणावर हक्क सांगणारा कायदा आला २००१ ला! २००५ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हातून दादाजींना पुरस्कार मिळाला. फोटो निघाले. आणि ३ जून २०१८ ला माणूस गेला तो गरिबीतच.

यातून धंद्याचा धडा काय? बियाणं स्वतःच स्वतःला जन्म देतं. एक मूठ दिली की पुढच्या हंगामात समोरच्याकडं पोतं. मग दादाजीकडं परत कोण येणार? नकाशाचंही तसंच. एक प्रत गेली की मोबाइलवर शंभर झाल्या. १९५७ चा कॉपीराइट कायदा नकाशा काढणाऱ्याला हक्क देतो, नोंदणीची सक्तीही नाही. पण नकाशा बघून कुणी निव्वळ कामाचा भाग घडवला, तर तोच कायदा त्याला अडवत नाही. म्हणून नकाशा लपवून पोट भरेल या भ्रमात राहू नका. नकाशा स्वस्तात द्या. पण बेअरिंगचे छर्रे पेरून छर्रे उगवत नाहीत. त्यासाठी माणूस पुन्हा तुमच्याच दारात येतो. नकाशावर नाव, सुट्या भागावर भाकर.

एक यंत्र घेऊ. धान उफणायचा पंखा. वारा पडला की बाई सूप हातात धरून ताटकळते. जुन्या सायकलीचं पुढचं चक्र ४८ दात्यांचं, मागचं १८ चं. मिनिटाला ६० पायडल मारले तर पंख्याचा दांडा १६० फेरे घेतो. मधे फ्रीव्हील असल्यानं पाय थांबला तरी पंखा फिरत राहतो, पायाला हिसका बसत नाही. सांगाडा गावचा सुतार लाकडाचा करील. पाती पत्र्याची. पात्याचा आकार कागदावर अस्सल मापात छापा. कागद पत्र्यावर ठेवायचा, खुणा करायच्या, कापायचं. गडचिरोलीत गोंडी, माडिया बोलणारे लोक आहेत, तेव्हा चित्रं जास्त, अक्षरं कमी. आणि पुडक्यात काय? दांडा, कोन, छर्रे, चेन, फ्रीव्हील, नटबोल्ट. जे गावात घडत नाही तेवढंच.

पंख्याला जाळी आणि चेनला झाकण हे नकाशातच पाहिजे, 'हवं तर बसवा' म्हणून नाही. पदर अडकला तर जीव जातो. आजवर वरच्यांनी काढलेल्या योजनांची किंमत खालच्यांच्या बोटांनी मोजली. आपल्या नकाशात ते चालणार नाही. पहिला पंखा आपण स्वतः बांधायचा, एक अख्खा हंगाम चालवायचा, मगच विकायचा.

कुणी म्हणेल, यंत्र आलं की माणूस उपाशी. मी गोदीत माल उचलतो. क्रेन आली की टोळी घरी बसते, हे मला शिकवू नका. पण बाबासाहेबांनी १९४५ च्या पुस्तकात गांधींना उत्तर देताना हेच मांडलंय, की दोष यंत्राचा नाही, समाजरचनेचा आहे. यंत्र माणसाला फुरसत देतं. ती फुरसत कुणाच्या खिशात जाते, भांडण तिथं आहे. गावानं स्वतः बांधलेलं, स्वतःला दुरुस्त करता येणारं यंत्र सावकाराच्या दावणीला बांधता येत नाही.

दुसरा म्हणेल, धंदा आपल्या रक्तात नाही. रक्ताच्या गोष्टी मनूकडं सोडा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ ला बेळगावात सायकलच्या दुकानापासूनच सुरुवात केली. पुढं कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी नांगर घेईनात, तरी गडी हटला नाही. ते घेण्यासारखं आहे. पण १९१० ला त्यांच्या कारखान्याला औंधच्या राजानं जागा दिली. आपल्याला राजा नाही. म्हणून आपण कारखान्यापासून सुरुवात करायची नाही. कागद, कंपास, भाड्यानं लेथ आणि सुट्या भागांचं एक कपाट, एवढ्यावर तिघाजणांनी उभं राहायचं.

गिऱ्हाईक? ग्रामसभा. मेंढा-लेखाच्या गोंडांनी २००९ मध्ये जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये आपला बांबू आपण विकला. अशा ग्रामसभेनं एक पंखा घेतला तर गावभर फिरतो. त्यांच्याकडं विकायला नुसतं जाऊ नका. कुठलं काम कंबर मोडतं ते विचारा. पुढचा नकाशा तिथून निघेल. आणि ज्यानं ती युक्ती सांगितली त्याचंही नाव नकाशावर टाका, पैशातला वाटा त्याच्या घरी पोचवा. नाहीतर आपणही दादाजीचं बियाणं नेणारेच!

आपल्यात आयटीआय झालेली पोरं ठेकेदाराकडं राबताहेत. त्यांना नकाशा वाचता येतो, काढूही द्या. आपल्या बापजाद्यांनी घडवलेल्या किती वस्तूंवर त्यांचं नाव आहे? पहिल्या नकाशाखाली सही करा. पूर्ण नाव, गाव, तारीख.

जयभीम.