आबांच्या बोटावरचा ९५

मागच्या भागात आवाज फाटत होता अशी बऱ्याच जणांची तक्रार आली, म्हणून आज माईक बदललाय. विषय थोडा टेक्निकल आहे, पण आहे आपल्या घरातलाच. ऑक्सिमीटर. कोव्हिडमध्ये घेतलेला आणि आता टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पडलेला, तोच.

एप्रिल २०२१. वर्क फ्रॉम होममुळे मी गावी होतो. आमचे आबा पॉझिटिव्ह आले. वय ७४, सगळी हयात रानात, उन्हात गेलेली, रंग चांगला काळा. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून घरातलं आकड्यांचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. दर चार तासांनी रीडिंग घ्यायचं, शीटमध्ये टाकायचं, ग्राफ बघायचा. ९५, ९६, ९५, ९५. आई म्हणत होती, "अरे, ते बोलताना धापा टाकतायत." आणि मी तिला ग्राफ दाखवत होतो! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने माझं काही एक न ऐकता मला गाडी काढायला लावली. निघताना मशीनवर ९४. दवाखान्यात मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन तपासलं, त्याला एबीजी म्हणतात. त्यात आलं ८८.

आबा नऊ दिवस ऑक्सिजनवर होते. आता ठणठणीत आहेत, परवाच माझ्याशी ऊसदरावरून भांडले.

पण तो सहाचा फरक माझ्या डोक्यातून जाईना. दोष मशीनच्या क्वालिटीचा होता, गार पडलेल्या बोटांचा होता की आणखी कशाचा, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. मशीन आम्ही घाईत, मिळेल ते घेतलं होतं. मी मात्र वाचायला लागलो, आणि वाचता वाचता एक असा बग सापडला, जो आमच्या ऑफिसात कोणी केला असता तर रिव्ह्यूमध्येच पकडला गेला असता.

ऑक्सिमीटर काय करतो? बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडतो, एक लाल आणि एक इन्फ्रारेड. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. आता बोटात कातडी आहे, हाड आहे, तेही प्रकाश शोषणारच. मग फक्त रक्ताचा हिशोब कसा लावायचा? १९७४ साली ताकुओ आओयागी या जपानी इंजिनिअरने युक्ती काढली. नाडीच्या ठोक्याबरोबर जेवढा प्रकाश कमीजास्त होतो, तेवढाच मोजायचा. कातडी काही धडधडत नाही, म्हणजे ती हिशोबातून बाद. मला हे वाचून उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मात्र त्यातून मिळतं ते एक गुणोत्तर. त्याचं ९५ किंवा ८८ कसं करायचं? त्यासाठी सरळसरळ एक टेबल असतं. निरोगी माणसांना कमी ऑक्सिजनची हवा देतात, त्याच वेळी त्यांचं धमनीतलं रक्त तपासतात आणि दोन्ही आकडे जुळवून टेबल बनवतात. म्हणजे आपण ज्याला ट्रेनिंग डेटा म्हणतो, तोच. आणि ही माणसं किती? अमेरिकेच्या एफडीएची २०१३ ची सूचना होती, किमान १० जण. त्यात गडद रंगाचे किमान २, किंवा १५ टक्के. दोन माणसं हो!

आणि त्वचेतलं मेलॅनिन हिशोबातून पूर्ण बाद होतच नाही. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आकडे दिले. मशीन ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात प्रत्यक्षात ८८ पेक्षा कमी ऑक्सिजन, असं गोऱ्या पेशंटमध्ये ३.६ टक्के वेळा झालं. कृष्णवर्णीयांमध्ये ११.७ टक्के. चूक नेमकी धोक्याच्या बाजूला होते, बघा. माणूस खालावतोय आणि स्क्रीन सांगते, ठीक आहे.

जानेवारी २०२५ मध्ये एफडीएने नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यात १५० किंवा जास्त माणसं, वेगवेगळ्या वर्णांची, असं म्हटलंय. आपल्याकडे जुलै २०२१ मध्ये सरकारने ऑक्सिमीटरवरच्या नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली, ते चांगलंच झालं. म्हणजे किमतीवर बोलणं झालं. टेबल कोणाच्या बोटावरून बनलं, यावर आपल्या बातम्यांत मी तरी काही ऐकलं नाही. आणि रंगांची एवढी रेंज एकाच लग्नाच्या पंगतीत दिसणारा देश आपला!

मग मशीन फेकून द्यायचं का? अजिबात नाही. बरं असताना घरातल्या प्रत्येकाचं रीडिंग घेऊन ठेवा. आजारपणात त्यापेक्षा किती खाली आलं ते बघा. सहा मिनिटं चालायची टेस्ट आठवते? चालण्याआधी एक रीडिंग, नंतर एक. त्यात आपण फरक मोजतो, त्यामुळे मशीन नेहमीच थोडं वर दाखवत असेल तरी ती चूक बरीचशी वजा होते. बोटं गार असतील तर आधी चोळून गरम करा, नेलपॉलिश काढा. आणि माणूस धापा टाकत असेल, ओठ निळे पडत असतील, तर स्क्रीनवर काहीही असो, दवाखाना गाठा.

हा भाग करण्याआधी मी आमच्या मशीनच्या कंपनीला मेल टाकला होता. तुमचं टेस्टिंग किती लोकांवर झालं, त्यात गडद वर्णाचे किती? दोन दिवसांत उत्तर आलं, मॅन्युअलची पीडीएफ जोडून. त्यात अचूकता अधिक-उणे २ टक्के लिहिलीय. माणसांचा आकडा नाही. मी परत विचारलंय. उत्तर आलं तर पुढच्या भागात सांगतो. तुमच्या घरच्या मशीनचं मॅन्युअल सापडलं तर त्यात काय लिहिलंय, ते मला व्हॉइस नोटवर पाठवा.